शून्य कुठे धरायचं

दोन्ही अहवाल हिरवे होते. शाल्मली रेडीजने ते एकत्र करायचे, शेवटच्या पानावर सही करायची आणि चिपळूणला घरी जायचं, एवढंच काम होतं.

उन्हवलीच्या गरम पाण्याच्या लाइनीला दहा वर्षं पुरी होत आली होती, आणि दहा वर्षांनी फेरतपासणीचा दाखला घ्यावा लागतो. शास्त्री नदीच्या काठावर गावाचं गरम पाण्याचं कुंड होतं. त्याच्या वरच्या अंगाला खोल विंधण घेऊन नव्वद अंशांच्या आसपासचं पाणी वर आणलेलं होतं. विहिरीपासून पंपघरापर्यंत पोलादी पाइप आणि पंपाच्या पुढे हाडपाइप. तो नदीकाठावरून चढ चढून कातळसड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर जायचा, सडा ओलांडून पलीकडे उतरायचा आणि सहकारी संस्थेच्या शीतगृहाला मिळायचा. तिथली यंत्रं या पाण्याच्या उष्णतेवर थंडावा तयार करायची. आंब्याचा रस, काजू, मासळी, सगळं त्यावर टिकायचं. दोन वर्षांपूर्वी ग्रामीण रुग्णालयाची शस्त्रक्रियेची खोली आणि रक्तसाठाही त्याच लाइनीवर घेतला होता.

हाडपाइप हे नाव गावाने दिलेलं. कागदावरचं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. काचेचे तंतू आणि राळ यांचा हा पाइप, पण त्याच्या थराथरांत डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या पेरलेल्या असतात. पाइपावर जिथं ताण येतो तिथल्या कुप्या फुटतात, आतली राळ पसरते आणि घट्ट बसते. म्हणजे जिथं ओझं जास्त, तिथं पाइप आपणहून दणकट होतो. हाडांचंही असंच असतं. घण मारणाऱ्या लोहाराच्या उजव्या हाताचं हाड डाव्यापेक्षा जाड भरतं. कंपनी जाहिरातीत म्हणायची, ‘बसवा आणि विसरा.’

हा पाइप शोधून काढला होता डॉ. उत्तरा रेडीज यांनी. शाल्मलीची थोरली बहीण. दोघींत नऊ वर्षांचं अंतर. शाळेतल्या त्रैराशिकापासून कॉलेजातल्या कलनापर्यंत शाल्मलीचं सगळं गणित ताईने घेतलेलं. संस्थेला हे नातं माहीत होतं. पण ताईच्या कंपनीशी शाल्मलीचा व्यवहार नव्हता, आणि पाइपांच्या ताणाचं गणित करणारं माणूस त्या पट्ट्यात दुसरं मिळतही नव्हतं.

न तपासता सही करायची तिला सवय नव्हती. म्हणून संस्थेच्या पाहुण्यांच्या खोलीत बसून तिने विहिरीपासून शीतगृहापर्यंतची सगळी लाइन एकाच गणितात मांडायला घेतली. असं कुणी केलेलं नव्हतं, कारण तशी कुणाला गरजच पडली नव्हती. पोलादवाल्या कंपनीने आपला भाग पोलादाच्या कोडप्रमाणे तपासला होता, हाडपाइपवाल्यांनी आपला भाग आपल्या कोडप्रमाणे. कोड म्हणजे त्या धंद्याची नियमावली. पंपाच्या तोंडाशी, जिथं दोन पाइप फ्लँजच्या चकत्यांना बोल्टांनी जोडलेले होते, तिथं कोण कुणाला किती ढकलेल याचे आकडे दोघांनी लाइन बसवताना एकमेकांना दिले होते. दहा वर्षं तेच आकडे चालू होते.

दोन्ही नियमावल्या शहाण्याच होत्या, पण त्यांची मोजायची तऱ्हा वेगळी होती. तापलं की पाइप लांबतो, निवला की आखडतो. पोलादाचा कोड हा झोका इकडून तिकडे केवढा जातो ते मोजतो. हाडपाइपाचा कोड झोका या क्षणी कुठं आहे आणि तिथं पाइपाला सोसतंय ना, एवढंच बघतो. जोडाच्या जागी झोका एकच, आणि मोजणारे दोन.

संगणकाने तिला एक साधा प्रश्न विचारला. संदर्भ तापमान? म्हणजे कुठल्या तापमानाला पाइप अगदी स्वस्थ असतो, त्याच्यावर काही ताण नसतो? पाइप बसवला त्या दिवशीचं तापमान इथं भरायचं असतं. तिने तीस अंश भरले. सगळं हिरवं आलं.

ती चहा घेऊन परत आली, आणि त्या चौकटीकडे बघत उभी राहिली.

तीस अंश मूळ पाइपाचं खरं. पण नंतर घट्ट बसलेल्या राळेचं काय? ती राळ बसली तेव्हा पाइप तापलेला होता, लांबलेला होता, वळणांवर वाकलेला होता. त्या राळेच्या दृष्टीने वाकलेलं असणं हाच आराम. तिचं शून्य तीसला नव्हतं, नव्वदला होतं.

तिने राळेसाठी नव्वद भरले आणि संगणकावरच लाइन निववून पाहिली. पंपाचं तोंड लालभडक झालं.

*

“म्हणजे लाइन चालू आहे तोवर धोका नाही?” मुश्ताकभाई परकारांनी विचारलं.

ते संस्थेचे अध्यक्ष. वीस वर्षं कुवेतला काढून गावी परतलेले, साठी उलटलेले, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघणारे.

“नाही. गरम असताना पाइप निवांत आहे,” शाल्मली म्हणाली. “थंड व्हायला लागला की त्याला आखडायचं असतं. पूर्वी वळणं लवचिक होती, ती लवायची आणि पंपाला काही कळायचं नाही. आता वळणं हाडासारखी झालीत. ती लवणार नाहीत. सगळी ओढ पंपाच्या तोंडावर येईल, आणि ते तोंड आहे ओतीव लोखंडाचं. ते वाकत नाही, सरळ तडकतं.”

“पण दरसाल शिमगा उरकला की आपण लाइन बंद करायचोच की. कधी काही झालं नाही.”

“पंप दर वेळी थोडा सरकायचा. फिटर येऊन तो पुन्हा रेषेत आणायचा. जुन्या नोंदींत आहे ते. तेव्हा पाइप इतका घट्ट झालेला नव्हता. आणि मग रुग्णालय जोडलं.”

रुग्णालय जोडल्यापासून वार्षिक बंदी रद्द झाली होती. तो ठराव त्यांनीच मांडला होता, कारण रक्तसाठ्याला सुट्टी देता येत नाही. दोन वर्षं लाइन एकदाही निवली नव्हती. आणि आता दाखल्याच्या तपासणीसाठी, शिमगा संपला की, ती बंद व्हायची होती.

“मग बंदच कशाला करायची?” ते म्हणाले. “चालू राहू दे. तपासणी पुढे ढकलू.”

“तपासणी पुढे ढकलाच. ते मी लेखी देते. पण मुश्ताकभाई, कधी ना कधी ती आपणहून बंद पडेल. पंपघर चढाच्या पायथ्याशी आहे. तोंड तडकलं तर चढावरचं सगळं उकळतं पाणी खाली, तुमच्या नदीवाटेवर येईल. तेव्हा तिथं कोण असेल, आपल्याला ठाऊक नाही. आणि रुग्णालयाचा थंडावा काही महिने तरी गेला.”

“मग करायचं काय?”

“ते मला अजून माहीत नाही,” ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. माहीत नाही म्हणणाऱ्या इंजिनिअरावर विश्वास ठेवावा की नाही, हे ते ठरवत असावेत. मग त्यांनी कागद पुढे ओढला. “द्या लिहून.”

*

ताईचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

“शालू, संस्थेला काय लिहून दिलंयस तू?”

“तुला पाठवणारच होते.”

“मला कंपनीकडून कळतंय. पाडव्यानंतर माझी सुनावणी आहे, माहीत आहे ना तुला? केंद्राची समिती. एकदा मान्यता मिळाली की देशभरातल्या रुग्णालयांना हा पाइप लागणार आहे. आणि तू लिहितेस की तो धोक्याचा आहे.”

“थंड करणं धोक्याचं आहे, असं लिहिलंय.”

“पाइप पहिल्यापेक्षा कितीतरी पटींनी मजबूत झालाय. हे मी मोजून सांगतेय.”

“मलाही मान्य आहे. म्हणूनच म्हणतेय. तो तुटणार नाही, ताई. तो पंप तोडेल.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मला आधी फोन करायला काय झालं होतं?”

शाल्मलीने याचं उत्तर रात्रभर वेगवेगळ्या शब्दांत जुळवलं होतं. वेळ आल्यावर त्यातलं काहीच उरलं नाही.

“आधी तुला सांगितलं असतं, तर तू मला पटवून दिलं असतंस.”

“म्हणजे मी खोटं पटवते?”

“नाही गं. तू फार चांगलं पटवतेस. आणि मला तुझं पटतं.”

फोन बंद झाला. शाल्मली खोलीबाहेर आली. समोर आवारात शिमग्याच्या पालखीसाठी माणसं बांबू तासत होती. त्यांच्यातल्या एकाने “मॅडम, चहा?” म्हणून विचारलं आणि ती नको म्हणायचं विसरून नुसती उभी राहिली.

पुढचे काही दिवस तिने गणित उलटसुलट करून पाहिलं. हळूहळू निववलं तर? उपयोग नाही, आखडायचं तेवढं पाइप आखडणारच. गरम असतानाच फ्लँज खोलला तर? आत दाबाखाली उकळतं पाणी. पाणी सोडून दिलं तर? पाइप उलट लवकर निवेल. आणि प्रत्येक वळण नेमकं किती घट्ट झालंय, ही माहिती तर तिच्याकडे नव्हतीच. ती ताईलाच मोजता आली असती.

पालखी नाचून परत देवळात गेली त्या दुपारी संस्थेच्या दारात गाडी थांबली आणि ताई उतरली. खांद्याला पेटी, पायात चालायचे बूट. केस आणखी पांढरे झालेले.

“तू शून्य कुठे धरलंयस?” तिने विचारलं. ना हाक, ना चौकशी.

“राळेचं नव्वदला.”

ताईने मान हलवली. “चल. आधी सडा दाखव.”

पेटीत ध्वनीने पाइप तपासायचं यंत्र होतं. घट्ट पदार्थातून आवाज लवकर धावतो, सैल पदार्थातून रेंगाळतो. ताई आच्छादन बाजूला सारून यंत्राचं टोक पाइपावर टेकवायची, शाल्मली आकडा लिहून घ्यायची. सड्यावर वाळलेलं पिवळं गवत होतं, आणि जांभ्याचा दगड पायाखाली तापलेला. एके ठिकाणी कातळावर कोरलेलं जुनं चित्र होतं, एक मोठा मासा आणि शेजारी काहीतरी चौकोनी. त्याला वाट देण्यासाठी पाइप काटकोनात वळवलेला होता. त्या वळणावर ताईने टोक टेकवलं. आकडा बघून पुन्हा टेकवलं. मग तिसऱ्यांदा.

“इतकं?” ती स्वतःशीच म्हणाली, आणि दगडावर बसली.

शाल्मलीने पाण्याची बाटली पुढे केली. ताईने ती नुसती हातात धरली.

“प्रयोगशाळेत आम्ही नमुने वाकवून गरम पेटीत ठेवायचो. महिन्याने काढले तरी वाकलेलेच राहायचे. त्यांचा फोटो मी प्रत्येक भाषणात दाखवलाय. बघा, कसा आकार धरून ठेवतो. लोक टाळ्या वाजवायचे.”

“निवल्यावर त्यांचं काय व्हायचं?”

“काय होणार? टेबलावर मोकळे पडलेले असायचे.” ताईने पाइपाकडे पाहिलं. “त्यांना दोन्ही टोकांनी कुणी धरलेलं नव्हतं, शालू.”

वारा सुटला होता. थोड्या वेळाने ताई उठली आणि पुढच्या वळणाकडे चालू लागली.

*

आकडे मिळाल्यावर वाट सापडली. पाइपाला जागोजागी जखडून ठेवणारे लोखंडी पट्टे होते. ते गरम असतानाच सैल करायचे, म्हणजे निवताना पाइपाला सरकायला जागा मिळेल. पलीकडच्या उतारावर हे सोपं होतं, कारण तिथलं टोक शीतगृहाच्या टाकीला लवचिक नळीने जोडलेलं होतं. पंपाकडच्या चढावर मात्र तसं चालणार नव्हतं. पट्टे सोडले तर सगळा पाइप आपल्या वजनाने घसरून पंपावर येऊन बसेल. म्हणून सड्याच्या कडेला, चढाच्या माथ्यावर, पाइपाला चेनपुली लावायची आणि निवताना त्याला जेवढं खाली यायचंय तेवढंच, हळूहळू, खाली सोडायचं. जास्त सोडलं तर पंपावर वजन, कमी सोडलं तर ओढ.

मुश्ताकभाईंनी रत्नागिरीहून मासळीचे दोन शीतट्रक ठरवले, रक्तसाठा आणि औषधं त्यांत ठेवायला. ट्रक यायचे होते सोमवारी, तोवर पट्टे सैल करायचं काम सुरू झालं. पलीकडचा उतार उरकला. चढावरचेही निम्मे पट्टे मोकळे झाले, चेनपुली माथ्यावर चढली.

शनिवारी दुपारी ती तिघं पंपघराच्या पडवीत जेवायला बसले होते. मुश्ताकभाईंच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण आलेलं. अचानक डब्याची झाकणं थरथरली. जमिनीखालून जड गाडी गेल्यासारखा आवाज आला आणि थांबला.

“कोयना,” मुश्ताकभाई म्हणाले. त्यांनी घासही खाली ठेवला नाही. त्या भागात असे धक्के लहान मुलांनाही सवयीचे.

मग विहिरीकडून ‘धप्’ असा आवाज आला. पंपाची घरघर उतरत गेली आणि बंद पडली.

भूकंपाचा धक्का ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की विहिरीची झडप आपोआप मिटते; गेल्या दोन वर्षांत तशी वेळ आली नव्हती. सरकारी भूवैज्ञानिक येऊन बघून गेल्याशिवाय ती उघडता येत नाही, आणि तो लवकरात लवकर उद्या येणार.

शाल्मली हात न धुताच उठली. “पाइप निवायला लागला.”

“किती वेळ आहे?” ताईने विचारलं.

“वर आच्छादन आहे, सावकाश निवेल. पुरता निवायला संध्याकाळ होईल. पण ओढ तासाभरातच सुरू होईल.”

मुश्ताकभाईंनी फोन काढला. पहिला फोन रुग्णालयाला, दुसरा ट्रकवाल्याला, तिसरा पोलीसपाटलांना. नदीवाट बंद झाली. मशिदीच्या भोंग्यावरून आणि देवळाच्या भोंग्यावरूनही सांगितलं गेलं की पंपघराच्या बाजूला कुणी फिरकू नये. संस्थेची सात-आठ माणसं नट खोलायचे पाने घेऊन चढाला लागली.

“चेनपुलीवर मी थांबते,” ताई म्हणाली.

“ताई, तिथं ताकद लागते. माणसं आहेत.”

“माणसं साखळी ओढतील. पण एकाच वेळी किती सोडलं तर वळण सोसेल, ते मला कळतं. तू खाली पंपाशी बस. तुला आकडे दिसतील, मला दिसणार नाहीत.”

शाल्मलीला ते नको होतं. माथ्यावर काही निसटलं तर पहिला तडाखा तिथंच बसणार होता. पण ताई चढाला लागलीही होती.

शाल्मलीने पंपाच्या तोंडावर ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या, वायर लांब ओढली आणि पंपघराबाहेरच्या जांभ्याच्या भिंतीआड बसली. पडद्यावर एकच रेघ होती. ती हळूहळू वर चढायला लागली.

चढावरचे शेवटचे लोखंडी पट्टे सुटेपर्यंत ती रेघ नुसती बघत बसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. एका पट्ट्याचा नट गंजून बसलेला होता. तो शेवटी कापावा लागला. ग्राइंडरचा आवाज खालपर्यंत येत होता. तो थांबला आणि फोनमध्ये ताई म्हणाली, “झालं. सांग.”

“सोड. थोडंच.”

साखळीच्या कड्या खडखडल्या. चढावरून एक लांबलचक करकर उतरत आली, जुनी होडी वाळूवरून ओढावी तशी. रेघ खाली आली.

“थांब.”

थोड्या वेळाने रेघ पुन्हा चढली. “सोड.” पुन्हा कड्या. “थांब.”

दुपार अशी सरकत गेली. दोघी दुसरं काही बोलत नव्हत्या. मध्येच एकदा रेघ एकदम खाली कोसळली. वरून पाइप हवा त्याहून जास्त घसरला होता, आणि पंपाच्या पायाखालचं काँक्रीट करकरल्याचा आवाज आला.

“ताई, जास्त झालं! वर घे!”

“वर घेता येणार नाही. ते मासेवालं वळण दुमडेल.” ताईचा आवाज शांत होता, पण धापही लागलेली होती. “निवू दे त्याला. आपणहून आखडेल आणि वजन उचलेल. दम धर.”

गणिताप्रमाणे शाल्मली बरोबर होती. पंपावर वजन बसलेलं होतं, ते काढायला हवं होतं. पण वळण किती सोसेल, हे तिच्या गणितात नव्हतं. ते ताईला माहीत होतं. आत्ता ताईचं ऐकणं म्हणजे पूर्वीसारखंच पटवून घेणं की आणखी काही, याचा विचार करायलाही उसंत नव्हती.

“बरं,” ती म्हणाली. “धरून ठेव.”

रेघ तळाशी पडून राहिली. नदीपलीकडे कुणीतरी म्हशींना हाका मारत होतं. मग रेघ अगदी थोडी, दिसेल न दिसेल इतकी, वर उचलली गेली. आणखी थोडी. शाल्मलीने डोळे मिटले आणि उघडले.

“येतेय वर,” ती म्हणाली. “तू बरोबर होतीस.”

उन्हं कलली तेव्हा पाइपाला हात लावता येत होता. तो हातभर खाली सरकला होता. सगळ्या आधारांवरून तो एका बाजूला कलंडल्यासारखा दिसत होता, पण पंपाचं तोंड शाबूत होतं. फ्लँजमधून पाण्याचे चार थेंब झिरपत होते, तेवढंच.

ताई चढ उतरून आली. साखळीने दोन्ही तळहात सोलले होते. मधेच एक माणूस दमला तेव्हा ती स्वतः ओढत होती. शाल्मलीने तिचे हात पाण्याखाली धरले. ताई “स्स” करत होती आणि हसतही होती.

“दहा वर्षं झाली,” ती म्हणाली. “आणि याला थंड झालेला मी आज पहिल्यांदा पाहिला.”

*

सुनावणीला ताई एकटी गेली. शाल्मलीने येते म्हटलं होतं, पण ती म्हणाली, “नको. तू असलीस तर सगळे तुला प्रश्न विचारतील. हे माझ्याच तोंडून जायला हवं.”

सुनावणी सगळ्यांना बघता येण्यासारखी होती. शाल्मली आणि मुश्ताकभाई संस्थेच्या कार्यालयात पडद्यासमोर बसले. लाइन पुन्हा सुरू झाली होती, पट्ट्यांच्या जागी आता सरकते आधार होते, आणि वार्षिक बंदीचा ठराव मुश्ताकभाईंनी स्वतःच परत मांडून मंजूर करून घेतला होता. ट्रकांच्या भाड्यावरून सभेत जरा वादही झाला होता.

पडद्यावर समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत होते.

“डॉक्टर रेडीज, तुमचा अर्ज आमच्यापुढे आहे, आणि आता तुमचंच म्हणणं आहे की मान्यता देऊ नका. आम्ही जरा गोंधळलोय. दहा वर्षांत तुमचा एकही पाइप फुटलेला नाही.”

“नाही फुटला,” ताई म्हणाली. तिच्या हातांना अजून पट्ट्या होत्या. “आम्ही तेवढंच तपासत राहिलो, साहेब, की तो फुटतो का. त्याच्या मजबुतीची किंमत शेजारचा मोजतो, हे आमच्याही कागदात नव्हतं आणि पोलादवाल्यांच्याही नव्हतं. तो जोड कुणाचाच नव्हता.”

“मग तुम्ही काय सुचवता?”

“वर्षभर थांबा. दोन्ही नियमावल्यांची माणसं एकत्र बसवा. आणि ‘बसवा आणि विसरा’ हे शब्द मी मागे घेते.”

कंपनीच्या रांगेतला एक माणूस उठून बाहेर गेला. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं आणि निर्णय राखून ठेवला असं जाहीर केलं.

“नोकरी राहील का त्यांची?” मुश्ताकभाईंनी हळूच विचारलं.

“माहीत नाही,” शाल्मली म्हणाली. तिने टेबलावरचा फोन जवळ ओढून घेतला.

तासाभराने ताईचा फोन आला. मागे गाड्यांचे आवाज होते. ती रस्त्यावरच उभी असावी.

“बघितलंस?”

“बघितलं. कशी आहेस?”

“बरी आहे. ऐक. मी कंपनीकडून आजच यादी मागून घेतली, उद्या देतील की नाही कुणास ठाऊक. वर्षानुवर्षं न थांबता गरम चालू असलेल्या अशा अकरा लाइनी आहेत. कुठं साखर कारखाना, कुठं दवाखाना. आणि त्यातल्या कुणाला काही माहीत नाही.”

शाल्मली उठून उभी राहिली. “सगळ्या नीट निववायला हव्यात.”

“हो.”

“कुठून सुरुवात करायची?”

फोनमध्ये एक हॉर्न वाजून दूर गेला.

“तू सांग,” ताई म्हणाली.